वाटाण्याच्या वाफ्यातील धर्मगुरू : ग्रेगोर मेंडेल

आजीच्या चेहऱ्यावरील एखादी खूण मुलांत दिसू नये आणि नातवात मात्र पुन्हा उमटावी, हे आपल्या आयाबायांना पूर्वापार ठाऊक होते. ते का घडते ह्याचे पहिले पक्के गणित मांडले एका कॅथलिक धर्मगुरूने.

योहान मेंडेल ह्यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये हाइन्झेनडॉर्फ ह्या खेड्यात झाला. ते तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होते, आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील शेतकरी. १८३८ साली जमीनदाराच्या वेठीवर राबत असता अंगावर झाडाचा ओंडका पडून ते कायमचे खचले. मुलाचे शिक्षण तुटण्याची वेळ आली, तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या हुंड्यातील वाटा भावाला दिला. हे ऋण मेंडेल विसरले नाहीत. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला आणि त्यांतील दोघे डॉक्टर झाले.

१८४३ साली ब्रनो येथील संत थॉमस ह्यांच्या नावाच्या ऑगस्टिनियन मठात त्यांनी प्रवेश केला व ग्रेगोर हे नाव धारण केले. १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. रुग्णांची दुःखे पाहून हा हळवा तरुण स्वतःच आजारी पडे. म्हणून मठाधिपती नॅप ह्यांनी त्यांना शिकवण्याचे काम दिले. पण शिक्षकाच्या परीक्षेत ते १८५० साली अनुत्तीर्ण झाले. मठाने त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात धाडले, तरीही १८५६ साली दुसऱ्यांदा अपयशच आले.

त्याच वर्षी मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्यावरील संकराचे प्रयोग आरंभले. न उमललेली कळी चिमट्याने उघडायची, पुंकेसर खुडायचे, दुसऱ्या जातीचे परागकण लावायचे आणि फुलावर पिशवी बांधायची. हे काम आठ वर्षे चालले आणि हजारो रोपे त्यांच्या हातांखालून गेली. उंच व बुटक्या जातींच्या संकरातून सगळी रोपे उंच निपजली, बुटकेपणा जणू पुसला गेला. त्यांचेच बी पुन्हा पेरले, तेव्हा १०६४ रोपांपैकी ७८७ उंच व २७७ बुटकी निघाली. म्हणजे सुमारे तिनास एक. गुण नष्ट झालेला नव्हता, तो केवळ झाकला गेला होता. माता आणि पिता प्रत्येक गुणाचा एकेक घटक समसमान देतात, असा अर्थ मेंडेल ह्यांनी लावला.

मानवालाही हा नियम लागू पडतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचे वाहक असलेले आईवडील स्वतः धडधाकट असतात, पण त्यांच्या प्रत्येक अपत्याला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आजारी बाळ जन्मले की केवळ सुनेलाच बोल लावणाऱ्या घरांनी हे गणित एकदा शांतपणे वाचावे.

१८६५ साली मेंडेल ह्यांनी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे दोन व्याख्याने दिली. १८६६ साली निबंध छापला गेला आणि त्याच्या प्रती त्यांनी विद्वानांना पाठविल्या. फारशी कोणी दखल घेतली नाही. १८६८ साली ते मठाधिपती झाले, बागेसाठी वेळ उरेना. १८७४ च्या कायद्याने मठांवर लादलेल्या कराविरुद्ध ते अखेरपर्यंत झगडले. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले ते ६ जानेवारी १८८४ रोजी, प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी. अंत्यविधीच्या संगीताची धुरा संगीतकार यानाचेक ह्यांनी वाहिली. त्यांचे बरेच कागद पुढे मठातच जाळले गेले, हे मान्य करताना आपल्यालाही संकोच वाटतो. त्यांचे नियम जगाने ओळखले ते १९०० साली.

त्यांच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त २०२१ साली ब्रनोतील संशोधकांनी मठाच्या कबरीतून त्यांचे अवशेष काढून डीएनए तपासला. त्यात हृदय व मूत्रपिंडाच्या विकारांशी संबंधित जनुके आढळली.