केडगावच्या माळावरील रमाबाई

पंडिता रमाबाई म्हटले की शारदासदन आणि धर्मांतराचा वाद एवढेच बहुधा आठवते. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड काम मात्र त्यानंतरचे. ते पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावी उभे राहिले आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारच कमी झाली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थांतून भटके आणि त्या भटकंतीतच १८७०च्या दशकातील दुष्काळाने आईवडील आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवासबरोबर उपाशीपोटी शेकडो कोस पायी चालत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेरच्या बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२च्या फेब्रुवारीत तेही गेले. पदरी तान्ही मनोरमा होती.

पुढच्या वर्षी वैद्यकीच्या शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. भूक, पोरकेपण, वैधव्य, बहिरेपण आणि समाजाची पाठ हे सारे एकाच बाईच्या वाट्याला आले होते. संकटे एकेकटी येत नाहीत, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

तरीही ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेल्या शारदासदनाची आखणी एका ठरावीक गरजेपुरतीच होती. उच्चवर्णीय बालविधवांना आसरा व शिक्षण द्यावे आणि त्यांना पायावर उभे करावे, असा तो हेतू. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली होती. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई तेथल्याच. सदन पुण्यास आल्यावर मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, केसरीने झोड उठवली आणि १८९३ साली रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ही तक्रार निव्वळ आकसाची नव्हती. धर्मात ढवळाढवळ होणार नाही या भरवशावरच लोकांनी मुली पाठवल्या होत्या.

१८९६च्या अखेरीस मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि त्यांच्याबरोबर ज्या आल्या, त्या शाळेत नाव घालण्याच्या अवस्थेत नव्हत्या. कोणी उपासमारीने खंगलेली, कोणी रोगग्रस्त, तर कोणी वाटेत अत्याचाराला बळी पडलेली. एकच बाई विधवाही असे, आजारीही आणि निरक्षरही. तिला आधी अन्न द्यायचे, की औषध, की आसरा, असा प्रश्नच निरर्थक होता. त्यातच पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू झाले. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची कशी हेळसांड होते, याविषयी रमाबाईंनी १८९७ साली वृत्तपत्रात जाहीर तक्रार केली. सरकारने ती नाकारली.

उत्पन्नासाठी म्हणून केडगावी जमीन घेऊन ठेवली होती. तेथे राहुट्या आणि छपरे घालून या स्त्रिया राहू लागल्या. हेच मुक्तिसदन. शारदासदनात शिकलेल्या मुलींनी नव्या आलेल्यांची शुश्रूषा व शिकवणी अंगावर घेतली. काल आश्रयाला आलेली आज दुसरीला सांभाळू लागली. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, म्हाताऱ्या व अपंगांसाठी प्रीतिसदन झाले आणि आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन उभे राहिले. मनोरमाबाई तेथे ब्रेल शिकवीत. शेती, गाईम्हशी, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना हे सारे त्याच आवारात होते. ज्या स्त्रीला दिसत नाही तिला वेताच्या विणकामाचे काम मिळे. जिचे दुखणे बरे झाले ती शाळेत जाई आणि राहायची जागा न सोडता हाताला कसबही लावून घेई. एका दारातून दुसऱ्या दारी धाडण्याची वेळ तिथे येत नसे. गुजरातेतील दुष्काळानंतर, १९००च्या सुमारास, आवारात दोन हजारांच्या आसपास माणसे होती. एवढ्यांच्या रोजच्या भाकरीचे गणित कसे जुळवले असेल, याची कल्पना करूनच धाप लागते.

या व्यवस्थेची एक बाजू खटकतेही. साऱ्या सदनांचे सूत्र एकाच व्यक्तीच्या हाती होते आणि दिवसाला वळण ख्रिस्ती उपासनेचे. दुसरीकडे आसरा नसलेल्या बाईला धर्माच्या बाबतीत खरी निवड कितपत उरत असेल, हा प्रश्न रमाबाईंच्या चाहत्यांनीही टाळू नये. पण त्या काळी तिला दार उघडणारे दुसरे घर किती होते, हेही विचारावे लागते.

अखेरच्या वर्षांत रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. आवारातल्याच छापखान्यात त्याचे खिळे या स्त्रिया जुळवीत. कामाची धुरा जिच्यावर सोपवायची, ती मनोरमा जुलै १९२१मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचा केडगावीच अंत झाला. भाषांतराचा ग्रंथ त्यांच्यामागे, १९२४ साली, प्रसिद्ध झाला.