सहाशे पौंडांचे जुने विमान आणि एमी जॉन्सन

इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान नेणारी पहिली स्त्री म्हणून एमी जॉन्सनचे नाव विमानविद्येच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. परंतु हा पराक्रम तिने कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या विमानातून नव्हे, तर दुसऱ्याच्या वापरातील, जुन्या बाजारातून सहाशे पौंडांना घेतलेल्या विमानातून केला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तिच्या आयुष्याचे मर्म मात्र या खरेदीतच दडलेले आहे.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदराच्या शहरात झाला. वडील मासळीचे मोठे व्यापारी. शेफिल्ड विद्यापीठात अर्थशास्त्र घेऊन तिने पदवी मिळविली आणि नोकरीसाठी लंडन गाठले. तेथे एका वकिलाच्या कचेरीत ती चिटणिसाचे काम करू लागली. त्याच सुमारास एका अयशस्वी प्रेमप्रकरणाने तिचे मन विटले होते. विरंगुळा म्हणून तिने १९२८ मध्ये उत्तर लंडनमधील स्टॅग लेन विमानतळावरील लंडन एरोप्लेन क्लबमध्ये नाव नोंदविले. हलक्या विमानांच्या क्लबांना सरकारी अनुदान मिळत असल्याने बेताच्या मिळकतीच्या माणसालाही तेथे उड्डाण शिकणे शक्य होते.

एमी काही उपजत वैमानिक नव्हती. एकटीने विमान उडविण्याची परवानगी मिळायला तिला इतरांपेक्षा बराच अधिक काळ लागला. विमान उतरविण्यात तर ती अखेरपर्यंत कच्चीच मानली गेली. जुलै १९२९ मध्ये तिला वैमानिकाचा परवाना मिळाला. पण तिचे वेगळेपण दिसले ते हँगरमध्ये. क्लबचे मुख्य अभियंता जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखाली तिने इंजिन खोलणे, साफ करणे, जोडणे शिकून घेतले आणि त्याच वर्षी विमानदुरुस्तीचा ग्राउंड इंजिनीअरचा परवाना मिळविला. हा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश महिला ठरली.

ऑस्ट्रेलियाला जाण्याचा विचार पक्का झाला, तेव्हा प्रश्न होता पैशांचा. अनेक दारे ठोठावून झाल्यावर तिने नागरी विमानवाहतुकीचे संचालक सर सेफ्टन ब्रँकर यांना पत्र लिहिले. त्यांच्या शब्दावरून कॅस्ट्रॉल तेलाचे उद्योगपती लॉर्ड वेकफिल्ड मदतीस तयार झाले. विमानाच्या किमतीत निम्मा वाटा त्यांनी उचलला, निम्मा एमीच्या वडिलांनी. वाटेवरील तेल आणि पेट्रोलची व्यवस्थाही वेकफिल्ड यांनी केली.

जे विमान तिने निवडले ते द हॅविलँड कंपनीचे जिप्सी मॉथ, १९२८ सालच्या बांधणीचे. पूर्वी ते कॅप्टन होप या नामवंत वैमानिकाकडे होते. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसविलेले कापड, एकावर एक असे दोन पंख, उघडी बैठक आणि सुमारे १०० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन. ताशी वेग जेमतेम १३५ किलोमीटर. लांबच्या प्रवासासाठी इंधनाच्या जादा टाक्या त्यात आधीच बसविलेल्या होत्या आणि एमीच्या दृष्टीने हाच मोठा लाभ होता. अर्थात, त्या टाक्यांतील पेट्रोल हातपंपाने वरच्या टाकीत चढवावे लागे.

त्या काळच्या बहुतेक हलक्या विमानांप्रमाणे याही विमानाला नाकाखाली चाक नव्हते. पुढे दोन चाके आणि शेपटाखाली जमिनीवर घासत जाणारा एक आधार. ब्रेक नाहीत. जमिनीवर असताना नाक वर उचललेले असल्याने वैमानिकाला समोरचे काही दिसत नसे. विमानाचा भार पुढच्या चाकांच्या मागे असल्याने उतरताना जरा दुर्लक्ष झाले, की शेपूट गर्रकन फिरे. उतरविण्यात कच्च्या असलेल्या वैमानिकाने असे विमान अनोळखी मैदानांवर उतरवायचे होते. मोठ्या उड्डाणाचा तिचा अनुभव लंडन ते हलपलीकडे गेलेला नव्हता. विमानाला तिने गडद हिरवा रंग दिला आणि वडिलांच्या मासळीच्या व्यापारचिन्हावरून त्याचे नाव ठेवले ‘जेसन’.

५ मे १९३० रोजी तिने लंडनजवळील क्रॉयडन सोडले. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो असे टप्पे घेत ती निघाली. बगदादच्या अलीकडे धुळीच्या वादळाने तिला वाळवंटात उतरायला भाग पाडले. वारा विमान उलथवील या भीतीने ती ते धरून बसून राहिली. सहाव्या दिवशी ती कराचीला पोहोचली, तेव्हा बर्ट हिंकलर यांच्या १९२८ च्या विक्रमापेक्षा दोन दिवसांनी पुढे होती. त्याच महिन्यात जेआरडी टाटा आणि अस्पी इंजिनीअर हे तरुण आगाखान पारितोषिकासाठी भारत आणि इंग्लंडदरम्यान जिप्सी मॉथच उडवीत होते.

कराचीहून अलाहाबाद गाठण्याचा बेत इंधन अपुरे पडल्याने फसला. एमी झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरली आणि पंखाला इजा झाली. तेथे डागडुजी करून ती कलकत्त्याला गेली. रंगूनजवळ इनसीन येथे पावसात उतरताना विमान खड्ड्यात गेले. पंखा, पंख, चाकांचा सांगाडा, सारेच मोडले. जादा पंखा तिने विमानाला बांधून आणला होता, तो कामी आला. पंखांसाठी कापड मिळाले ते महायुद्धातील विमानांच्या उरलेल्या कापडाच्या शर्टांमधून. या दुरुस्तीत जवळजवळ तीन दिवस गेले आणि विक्रमही हातचा गेला. पुढे जावा बेटावर बांबूच्या खुंट्यांनी पंख फाटले, ते जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने सांधले गेले. २४ मे रोजी सुमारे १८ हजार किलोमीटरचा प्रवास संपवून ती डार्विनला उतरली. वय अवघे २६.

कीर्तीचा पूर लोटला. सीबीई किताब मिळाला, ‘डेली मेल’ने दहा हजार पौंड दिले. तिने १९३१ मध्ये टोकियो आणि १९३२ मध्ये केपटाउन गाठले. जिम मॉलिसन या वैमानिकाशी तिने १९३२ मध्ये केलेला विवाह १९३८ मध्ये मोडला. त्याच्यासह १९३४ च्या मेलबर्न शर्यतीत भाग घेतला असता इंजिन बिघडून अलाहाबादेतच माघार घ्यावी लागली. स्त्री अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपदही तिने भूषविले.

दुसऱ्या महायुद्धात विमाने कारखान्यातून हवाई दलाच्या तळांवर पोहोचविण्याचे काम तिने पत्करले. ५ जानेवारी १९४१ रोजी असेच एक एअरस्पीड ऑक्सफर्ड विमान नेताना खराब हवामानात ती वाट चुकली आणि थेम्स नदीच्या मुखाशी समुद्रात कोसळली. तिला वाचविण्यासाठी थंडगार पाण्यात उडी घेतलेले ‘हॅझलमिअर’ या जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनाही प्राण गमवावे लागले. एमीचा मृतदेह कधीच मिळाला नाही.

ज्या विमानाला तिने स्वतःच्या हातांनी वेळोवेळी सावरले, तो हिरवा ‘जेसन’ मात्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जतन करण्यात आला आहे.