चौपाटीवरचं शारदा सदन

मैत्रिणींनो, बदलापूर-अंबरनाथहून सकाळची लोकल पकडून मुंबईला गेलेल्या आपल्यापैकी किती तरी जणी संध्याकाळी चौपाटीवर घटकाभर टेकल्या असतील. पोरांच्या हातात भेळ, आपल्या हातात चपला. त्या वाळूच्या आसपासच, ११ मार्च १८८९ रोजी, एका तिशीतल्या विधवा बाईने मुलींसाठी घर उघडलं. घराचं नाव शारदा सदन आणि बाईंचं नाव पंडिता रमाबाई. (न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई वेगळ्या बरं का! दोघी एकाच काळातल्या, म्हणून घोटाळा होतो.)

या रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतला, पण शिकवणं सोडलं नाही. त्या आईनेच पुढे रमाबाईंना शिकवलं. घर असं नव्हतंच. तीर्थयात्रा करायची, देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर गुजराण करायची. मग दुष्काळ आला. आई, वडील, थोरली बहीण, एकेक करून सगळे गेले. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देश तुडवत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेतली आणि विशीतल्या त्या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

सुख मात्र टिकलं नाही. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, तेही वेगळ्या जातीतल्या, नोंदणी करून! त्या काळी केवढी खळबळ झाली असेल. मनोरमा ही मुलगी झाली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने नवराही गेला. कडेवर तान्ही पोर, माहेर नाही, सासर नाही. अशी ती पुण्याला आली, आर्य महिला समाज काढला, आणि सरकारच्या हंटर कमिशनपुढे जाऊन बायकांना बायकांच डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असं ठामपणे मांडलं.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. बेत होता डॉक्टर व्हायचा. ऐकण्याची अडचण होती म्हणून तो बारगळला. वाँटेज गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या. पडलेल्या, टाकलेल्या बायकांनाही तिथे कुणी तरी माणसासारखं वागवतंय, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात त्यावरून जी आग पेटली ती पुढे जन्मभर त्यांच्या मागे राहिली.

आता आपल्या गावाकडची गोष्ट. आपल्या शेजारच्या कल्याणात जन्मलेली आनंदीबाई जोशी त्या वेळी अमेरिकेत डॉक्टर होत होती. रमाबाईंच्या नात्यातलीच ती. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाला तिला पदवी मिळाली, तेव्हा रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून जाऊन समोर बसल्या होत्या. वर्षभरात आनंदीबाई गेलीच, पण रमाबाई अमेरिकेत थांबल्या, गावोगाव भाषणं केली, उच्चवर्णीय हिंदू बाईच्या जिण्यावर इंग्रजी पुस्तक लिहिलं. बॉस्टनच्या बायकांनी त्यांच्या नावाची संस्था काढून दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. शारदा सदन उघडलं ते बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला.

घराला आधी फार गर्दी नव्हती. विधवा मुलीला ख्रिस्ती बाईच्या हवाली करायला कोण धजणार? पहिली विधवा विद्यार्थिनी आली ती कोकणातली गोदूबाई जोशी. लहानपणीच कपाळ पांढरं झालेली. तिला इथे पाटी मिळाली, पुस्तक मिळालं. मुलींचा स्वयंपाक, सोवळं, देवपूजा ज्यांच्या त्यांच्या रीतीने चालायची. धर्म शिकवायचा नाही, असा तिथला नियमच होता. सल्लागारांत रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी होती.

मुंबई महाग पडायला लागली, म्हणून १८९०च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला हललं. आपल्या दारावरून घाटाकडे जाणारी हीच रेल्वे तेव्हाही होती. पुण्यात मात्र ठिणगी पडली. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि काही मुली आपणहून येऊन बसत. नियम पाळला की मोडला? केसरीने सडकून टीका केली. १८९३ साली रानडे-भांडारकर सल्लागार पदावरून बाहेर पडले आणि पालकांनी पंचवीसएक मुली काढून नेल्या.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंना काही तरी खरं होतं. ज्या बाईच्या भरवशावर मुलगी सोडली, तिच्या धर्माचा ओढा मुलीला लागणार, ही आई-बापांची भीती खोटी नव्हती. पण काढून नेलेल्या त्या मुलींचं पुढे काय झालं, याची चौकशी किती जणांनी केली? परत त्याच अंधाऱ्या खोलीत, त्याच लाल आलवणात. आणि शेवटी एक गंमत पाहा. त्याच वर्षी, म्हणजे १८९३च्या मार्चात, गोदूबाईचं लग्न धोंडो केशव कर्वे यांच्याशी झालं. आपल्या महर्षी कर्व्यांच्या घरातल्या आनंदीबाई, बाया कर्वे, त्या याच. हिंदूच राहिल्या आणि जन्मभर विधवांसाठी झटल्या.

१८९६-९७ला दुष्काळ पडला. स्वतः उपाशी वाढलेल्या रमाबाईंना घरात बसवेना. मध्य प्रांतात हिंडून त्यांनी रस्त्यात पडलेल्या मुली उचलून आणल्या. पुण्यात प्लेग, मुलींना ठेवायचं कुठे? दौंडच्या वाटेवर केडगावला जमीन घेतली होती. तिथे आधी झोपड्या, मग इमारती उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. इथे मात्र ख्रिस्ती धर्म उघडपणे होता, चर्चही होतं. १९००च्या दुष्काळानंतर तिथल्या बाया-मुलींचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. शेती, गुरं, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. फसवल्या गेलेल्यांसाठी कृपा सदन होतं, आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायची.

आपल्या उल्हासनगरच्या आज्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. फाळणीनंतर कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत गाठोडं टाकून ज्यांनी चूल पेटवली, त्यांना ठाऊक आहे की आधी छप्पर लागतं, बाकीचं नंतर.

शेवटची वर्षं रमाबाई बायबल मराठीत आणत होत्या, साध्या बाईला समजेल अशा भाषेत. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवायला केडगावच्याच मुली. १९२१च्या जुलैत मनोरमा गेली, एकुलती एक. रमाबाई पुन्हा कामाला बसल्या. मुद्रितं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ला त्यांनी डोळे मिटले.

केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. बदलापूरहून निघालात तर कर्जत किंवा कल्याणला गाडी बदलून पुणे, आणि तिथून दौंडकडची गाडी. स्टेशनवर कुणालाही विचारा, रस्ता दाखवतील.