शिवकर बापूजी तळपदे : चरित्र आणि आख्यायिका

जगातील पहिले विमान कोणी उडविले, हा प्रश्न वर्गात विचारला की हल्ली दोन उत्तरे येतात. पाठ्यपुस्तक वाचणारे विद्यार्थी राइट बंधूंचे नाव घेतात. मोबाइलवरील संदेश वाचणारे विद्यार्थी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेतात, आणि त्यांचा आवाज पहिल्यांपेक्षा मोठा असतो. वक्तृत्व स्पर्धांतून, प्रश्नमंजूषांतून आणि अलीकडे पालकांच्या बोलण्यातूनही हे दुसरे उत्तर आमच्या कानी पडते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तळपदे यांचे जीवन जेवढे ज्ञात आहे तेवढे मांडावे, आणि त्यांच्या नावाभोवती जी कथा वाढली तिचीही तपासणी करावी, असे आम्ही योजिले.

तळपदे यांचा जन्म १८६४ साली मुंबईत, चिराबाजार परिसरात, पाठारे प्रभू ज्ञातीत झाला. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेशी त्यांचा शिक्षक या नात्याने संबंध होता. संस्कृतचा त्यांना व्यासंग होता, आणि त्या व्यासंगाला दिशा मिळाली ती आर्य समाजाच्या विचारांतून. स्वामी दयानंदांनी १८७५ मध्ये मुंबईतच आर्य समाजाची स्थापना केली होती. वेदांमध्ये सर्व विद्यांची बीजे आहेत, तारायंत्रापासून विमानापर्यंत सर्व काही त्यांत सूचित आहे, असा दयानंदांच्या ऋग्वेदादिभाष्यभूमिकेचा आशय आहे. तरुण तळपद्यांनी तो मनावर घेतला. पुढे त्यांनी वैदिक विषयांवर लेखन केले, आर्य धर्म नावाचे मासिक संपादिले, आणि १९०७ मध्ये प्राचीन विमानकलेचा शोध या नावाचे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले.

येथे कोल्हापूरकरांना रस वाटेल असा एक तपशील आहे. या वैदिक व्यासंगाबद्दल कोल्हापूरच्या शंकराचार्य पीठाने तळपद्यांना विद्याप्रकाशप्रदीप ही पदवी दिल्याचे त्यांच्या ज्ञातीच्या इतिहासात सांगितले आहे. ज्या वेदांच्या अभ्यासासाठी मुंबईच्या एका कलाशिक्षकाचा असा गौरव झाला, त्याच वेदांतील मंत्रांचा अधिकार याच करवीरनगरीत छत्रपती शाहू महाराजांना, म्हणजे प्रत्यक्ष राज्यकर्त्याला, नाकारला गेला होता. वेदोक्त प्रकरण आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. ज्यांची सावलीही नकोशी होती त्यांचा तर या चर्चेत उल्लेखही नव्हता.

आता त्या प्रसिद्ध कथेकडे वळू. ती अशी : १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर तळपद्यांनी मरुत्सखा नावाचे मनुष्यविरहित विमान उडविले, ते सुमारे १५०० फूट उंच गेले आणि खाली पडले, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे त्या वेळी उपस्थित होते, विमान पाऱ्याच्या शक्तीवर चालत होते, आणि पुढे इंग्रज सरकारच्या दबावाने सर्व काही दडपले गेले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा कथेला प्रथम एकच गोष्ट विचारावयाची असते : हे त्या वेळी कोणी लिहून ठेवले आहे काय? १८९५ ची मुंबई म्हणजे काही अरण्य नव्हे. इंग्रजी, मराठी, गुजराती वृत्तपत्रे तेथे नित्य निघत होती. दुसऱ्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली, तर त्या खेळाची जाहिरात व वृत्त आजही वाचावयास मिळते. एका हॉटेलच्या दालनातील पडद्यावरचा खेळ ज्या शहराने नोंदविला, त्याच शहराच्या भर चौपाटीवर, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या आणि एका संस्थानाधिपतीच्या समक्ष, एक यंत्र दीड हजार फूट उंच गेले आणि त्याची ओळही छापली गेली नाही, हे मनाला पटत नाही. दीड हजार फूट म्हणजे तेव्हा जगातील सर्वांत उंच असलेल्या आयफेल मनोऱ्याच्या दीडपट. केसरीत बातमी आली होती, असे सांगणारे पुष्कळ आहेत. तो अंक कोणी पुढे ठेवलेला नाही. कथेचे जे तपशील आज फिरतात ते सर्व घटनेनंतर कित्येक दशकांनी लिहिलेल्या मजकुरांतून आलेले आहेत.

सरकारने दडपले, हे उत्तर सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. टिळकांचा केसरी सरकारला भिऊन एवढी बातमी गाळील, असे ज्यांना वाटते त्यांनी केसरीचा इतिहास वाचलेला नसावा.

पाऱ्याचा मुद्दा आमच्या विज्ञानशिक्षक मित्रांनी आम्हाला समजावून दिला, तो येथे देतो. एक लिटर पाणी एक किलो भरते, तर एक लिटर पारा साडेतेरा किलोंहून अधिक भरतो. त्याची वाफ करावयाची तर ३५७ अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते, आणि ती वाफ विषारी असते. ज्या यंत्राला प्रत्येक तोळ्याचा हिशेब ठेवूनच जमीन सोडावयाची असते, त्याने इंधन म्हणून पारा का निवडावा?

मग विमान उडते तरी कसे, हे मुले विचारतातच, आणि तो प्रश्न कथेपेक्षा अधिक मोलाचा आहे. इंजिन विमानाला पुढे ढकलते. पुढे जाताना तिरपा धरलेला व विशिष्ट वळण दिलेला पंख येणारी हवा खालच्या बाजूस वळवितो. हवेला खाली लोटले की हवा पंखाला वर लोटते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमात हेच आहे. वेग पुरेसा झाला की ही वर लोटणारी शक्ती वजनाएवढी होते आणि चाके धावपट्टी सोडतात. इंजिन बंद पडले तर विमान दगडासारखे कोसळते काय, असेही मुले विचारतात. तसे होत नाही. उंचीच्या बदल्यात वेग टिकवीत ते घारीप्रमाणे बरेच अंतर तरंगत जाते. पण उडण्याहून कठीण गोष्ट आहे ती तोल सांभाळण्याची : नाक वर-खाली होणे, डावी-उजवीकडे वळणे आणि एका कुशीवर कलणे या तिन्ही हालचाली ताब्यात ठेवणे. राइट बंधूंचे खरे श्रेय येथे आहे. मरुत्सखाच्या कथेत उंची आहे, मान्यवरांची नावे आहेत. मात्र यंत्र वळविले कसे, तोल कशाने राखला, याविषयी अक्षर नाही.

ऑर्विल आणि विल्बर राइट हे सायकली दुरुस्त करणारे व बनविणारे कारागीर होते. महाविद्यालयाची पायरी दोघांपैकी कोणीही चढले नव्हते. १९०१ मध्ये त्यांनी स्वतः वाऱ्याचा बोगदा तयार करून त्यात निरनिराळ्या आकारांचे छोटे पंख पारखले आणि आकडे वहीत उतरवून ठेवले. १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण झाले ते १२ सेकंदांचे, १२० फूट लांबीचे. उंची तर जेमतेम दहा फूट. त्याच दिवशीचे चौथे उड्डाण ५९ सेकंद टिकले. छायाचित्र आहे, तार आहे, वह्या आहेत. दीड हजार फुटांच्या कथेपुढे हे आकडे किती लहान दिसतात! खऱ्या नोंदी बहुधा अशाच लहान असतात.

आणखी एक गोष्ट अभिमानाच्या भरात विसरली जाते. तळपद्यांचे यंत्र उडाले असे क्षणभर धरले, तरी मनुष्यविरहित उड्डाणाचा पहिला मान त्यांना जात नाही. पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनो याने १८७१ सालीच पिळलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारे छोटे विमान लोकांसमक्ष ४० मीटर उडविले होते. मे १८९६ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली याचे वाफेवर चालणारे मनुष्यविरहित यंत्र सुमारे एक किलोमीटर गेले आणि टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल यांनी त्याचे छायाचित्र घेतले. जर्मनीचा ओटो लिलिएंटाल तर त्याच काळात स्वतः पंख बांधून टेकड्यांवरून तरंगत होता; ऑगस्ट १८९६ मध्ये तो पडून मरण पावला. विमान ही एका देशाची वा एका ग्रंथाची देणगी नाही.

ग्रंथाचा उल्लेख आला म्हणून वैमानिक शास्त्राविषयी सांगणे भाग आहे. महर्षी भारद्वाजांच्या नावाने सांगितला जाणारा हा ग्रंथ मरुत्सखाचा आधार होता, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगून लिहवून घेतला. तळपदे १९१६ मध्ये वारले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची कसून परीक्षा केली. त्याची भाषा वैदिक नाही, रचना विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीची नाही, आणि त्यातील आकृत्यांप्रमाणे बनविलेले एकही यंत्र उडणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी काही प्रतिकृती बनविण्याचा प्रयत्न केला, पण त्या उडू शकल्या नाहीत, अशी नोंदही त्या अभ्यासात आहे. आमच्या मते तळपद्यांच्या चरित्रातील हीच सर्वांत विश्वासार्ह ओळ आहे. तरीही २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर व्याख्यान झाले आणि त्याच महिन्यात तळपद्यांच्या कथेवर हिंदी चित्रपट आला. आमच्या विद्यार्थ्यांचे ज्ञान बहुतांशी त्या चित्रपटापासून सुरू होते.

केवळ वेदांच्या बाबतीतच आम्ही इतके काटेकोर का, असे कोणी विचारील. धम्मपदाच्या अट्ठकथेतही एक उडती कथा आहे. बोधिराजकुमाराने एका सुताराकडून अप्रतिम प्रासाद बांधून घेतला. दुसऱ्या कोणासाठी याने असा प्रासाद बांधू नये म्हणून त्याचा घात करण्याचे राजपुत्राने मनात आणले. सुताराला ते कळले. त्याने हलक्या लाकडाचा गरुड बनविला आणि बायकामुलांसह त्यात बसून तो उडून गेला. आम्हाला ही कथा फार प्रिय आहे, कारण तिच्यात उडणारा एक कारागीर आहे आणि तो जुलमातून सुटतो. पण प्राचीन बौद्धांना विमान ठाऊक होते, याचा पुरावा म्हणून ती कोणी मांडली तर आम्ही तिलाही तेच प्रश्न विचारू. केवळ परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून वा गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नका, हे भगवान बुद्धांनी कालामांना शिकविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर सिद्धार्थाच्या गृहत्यागाची परंपरागत कथाही बुद्धीला पटत नाही म्हणून बाजूस सारली आणि दुसरे कारण मांडले. आपल्या शास्त्याच्या चरित्राला जे लागू, ते तळपद्यांच्या चरित्राला का लागू नये?

यावरून तळपदे उपहासाचे धनी ठरतात असे नव्हे. परतंत्र देशात, अभियांत्रिकीची कार्यशाळा हाताशी नसताना, एका कलाशिक्षकाने उडणारे यंत्र करून पाहण्याची इच्छा धरली, त्यासाठी पदरमोड केली असेल, हसू सोसले असेल. त्यांच्या समाजात विद्या एकीकडे आणि हातोडा-करवत दुसरीकडे होती. त्यांनी दोन्ही एकत्र आणू पाहिले. त्यांचे दुर्दैव इतकेच की पंखाच्या वळणाचा शोध त्यांनी हवेत न घेता श्लोकांत घेतला. राइट बंधूंपुढेही लिलिएंटालचे छापील तक्ते होते. ते जुळेनात तेव्हा त्यांनी तक्ते बाजूला ठेवले आणि स्वतः मोजमाप केले.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज मुंबईत नोकरी-व्यवसायानिमित्त आहेत. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आणि राज्य पुराभिलेखागार ही दोन्ही ठिकाणे तेथेच आहेत. त्यांपैकी कोणास सवड झाली तर १८९५ च्या वृत्तपत्रांची पाने चाळावीत. मरुत्सखाची एक ओळ जरी सापडली, तरी अंकाच्या तारखेसह ती आम्हाला कळवावी. पुढील स्मरणिकेत ती पहिल्या पानावर छापू.