ओग्युस्तँ-जाँ फ्रेनेल

ओग्युस्तँ-जाँ फ्रेनेल (१० मे १७८८ – १४ जुलै १८२७) हे फ्रेंच स्थापत्य अभियंते व भौतिकशास्त्रज्ञ होते. प्रकाशाच्या तरंगसिद्धान्ताला त्यांनी भक्कम गणिती पाया दिला. रेडिओ अँटेनाच्या निकटक्षेत्राला आजही ‘फ्रेनेल क्षेत्र’ म्हणतात.

जीवन
फ्रेनेल यांचा जन्म नॉर्मंडीत झाला. प्रकृती नाजूक होती. वाचनही त्यांना उशिरा जमले. पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमधील शिक्षणानंतर ते रस्तेबांधणीच्या सरकारी सेवेत रुजू झाले. १८१५ मध्ये नेपोलियनच्या पुनरागमनाला विरोध केल्यामुळे त्यांना पदावरून दूर करण्यात आले. या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी आईच्या घरी प्रकाशाच्या विवर्तनावर प्रयोग आरंभले. भिंग म्हणून मधाचा थेंबही वापरला.

संशोधन
फ्रेंच विज्ञान अकादमीच्या स्पर्धेसाठी त्यांनी १८१८ मध्ये विवर्तनावरील प्रबंध सादर केला. हा सिद्धान्त खरा मानल्यास गोल चकतीच्या सावलीच्या मध्यभागी तेजस्वी ठिपका दिसला पाहिजे, असा आक्षेप कणसिद्धान्ताचे समर्थक पोआसाँ यांनी घेतला. आरागो यांनी प्रयोग केला असता तो ठिपका खरोखरच दिसला. १८१९ मध्ये फ्रेनेल यांना पारितोषिक मिळाले. प्रकाश हा अवतरंग असल्याचे प्रतिपादन त्यांनी १८२१ मध्ये केले. दीपगृहांसाठी त्यांनी पायऱ्यापायऱ्यांचे हलके भिंग तयार केले. ते १८२३ मध्ये कोर्दुआँ दीपगृहात बसविण्यात आले.

मृत्यू
१८२३ मध्ये ते अकादमीचे सदस्य झाले. क्षयरोगाने वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदक त्यांच्या हाती पडले ते मृत्युशय्येवर.

रेडिओशास्त्रातील वारसा
दुरून येणारे तरंगाग्र जवळजवळ सपाट असते, त्यामुळे त्याची दिशा कळली तरी पुरते. निकटक्षेत्रात मात्र ते वक्र असते आणि अंतरही विचारात घ्यावे लागते. अँटेनाच्या रुंदीच्या वर्गाच्या दुपटीला तरंगलांबीने भागल्यास या क्षेत्राची सीमा मिळते. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या एका तबकडीसाठी २१ सेंटिमीटर तरंगलांबीला ही सीमा सुमारे १९ किलोमीटर येते. मोबाइलसाठी १ मीटर रुंदीचा अँटेनासमूह १ सेंटिमीटर तरंगलांबीवर चालविल्यास ती २०० मीटर भरते. म्हणजे अनेक ग्राहक निकटक्षेत्रातच असतात. संदेश वाटेत कसा बदलतो याचे अनुमान, म्हणजेच ‘चॅनेल एस्टिमेशन’, अशा वेळी दिशा व अंतर या दोहोंवरून करावे लागते. त्यासाठी वक्र तरंगाग्राचे जे सुलभ गणिती रूप वापरतात, ते ‘फ्रेनेल सन्निकटन’ म्हणून ओळखले जाते.