भास्कराचार्यांची सावली आणि खानदेशातलं सोलर पॅनल

भास्कराचार्य म्हटलं की लोकांना लीलावती आठवते. आपल्याला आज त्यांची सावली हवी आहे. शेतातल्या पंपाचं सोलर पॅनल किती तिरकं बसवायचं, हे त्या सावलीवरून निघतं.

जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. वडील महेश्वर ज्योतिषी, तेच गुरू. गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड. ते नेमकं कुठलं यावर वाद आहे, पण चाळीसगावजवळचं पाटण हा खानदेशाचा जुना दावा. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात पृथ्वी गोल आहे, त्यामुळे गाव बदललं की सूर्याची उंचीही बदलते, हे गणिताने मांडलं आहे. पृथ्वी स्थिर आहे असं ते धरून चालत, पण कोनाच्या हिशोबाला त्याने फरक पडत नाही.

साधन काय? बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे उभी काठी. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी भर दुपारी तिची जी सावली पडते, ती पलभा. जळगाव २१ अंशांवर आहे, तिथे ती साधारण ४.६ अंगुळं भरते. उज्जैनला पाचाच्या वर, विषुववृत्तावर शून्य. सावलीवरून अक्षांश मिळतो आणि दिवसमानही. जुन्या ज्योतिषगणितातला ठोकताळा बघा: पलभेला १०, ८ आणि ३⅓ ने गुणून बेरीज करा. जळगावसाठी ९८ पळं येतात. दुप्पट १९६, आणि एक पळ २४ सेकंदांचं, म्हणजे जवळपास ७८ मिनिटं. जूनमध्ये सर्वांत मोठा दिवस बारा तासांहून तेवढा मोठा, डिसेंबरमध्ये सर्वांत लहान दिवस तेवढाच लहान. आजचं गणितही हेच सांगतं!

त्याच हिशोबाने ६६ अंशांपलीकडे काही दिवस सूर्य मावळतच नाही, हे त्यांनी इथे बसून काढलं.

आता पॅनल. डिसेंबरात जळगावला दुपारचा सूर्य जेमतेम ४५ अंश चढतो. जमिनीवर आडवं ठेवलेलं पॅनल तेव्हा थेट उन्हाच्या ७१ टक्केच झेलतं. दक्षिणेकडे तोंड करून २१ अंश कललेलं जवळपास ९२ टक्के. मेअखेरीस सूर्य डोक्यावर असतो तेव्हा आडवंच बरं, पण पॅनल एकदाच पक्कं ठोकायचं तर वर्षभराचा मध्य साधावा लागतो, आणि तो अक्षांशाच्या आसपास येतो. धुळे जिल्ह्यात साक्रीला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प आहे, तिथेही अक्षांश २१च्याच घरात.

वयाच्या ६९व्या वर्षी भास्कराचार्यांनी करणकुतूहल लिहिलं, पंचांगवाल्यांना झटपट गणित करता यावं म्हणून. पुढे नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी झाला. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला. इ.स. १२०७च्या सुमाराचा तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५मध्ये उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे: बाजारातल्या कराचा वाटा आणि तेलाच्या घाण्यांमागे पळीपळी तेल मठाला द्यायचं ठरलं होतं.