तबल्यावरची काळी शाई नेमकं काय करते? सी. व्ही. रामन यांनी शोधलं होतं उत्तर

सी. व्ही. रामन म्हटलं की प्रकाशावरचं संशोधन आणि 1930 चं नोबेल आठवतं. पण त्याच्या दहा वर्षं आधीच तबला आणि मृदंगावर त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं होतं.

रामन यांचा जन्म 1888 सालचा, तिरुचिरापल्लीचा. वडील भौतिकशास्त्र शिकवायचे. 1907 मध्ये अवघ्या 18 व्या वर्षी रामन कलकत्त्यात सरकारी अर्थखात्यात अधिकारी झाले. मात्र ऑफिसच्या आधी आणि नंतर त्यांचा वेळ प्रयोगशाळेत जायचा. 1917 मध्ये भल्या पगाराची ही नोकरी सोडून ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले.

तालवाद्यांचं कोडं असं होतं. तार छेडली की मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूर निघतात आणि ते एकमेकांत मिसळतात. साध्या ताणलेल्या कातड्याचं तसं नसतं. तिथे 1.59 पट, 2.14 पट असे अडनिडे सूर घुमतात. म्हणून आवाज येतो, पण नेमका सूर लागत नाही. मग तबला सुरात कसा लागतो?

1920 मध्ये रामन आणि शिवकाली कुमार यांनी 'नेचर'मध्ये उत्तर मांडलं. 1934 मध्ये, बंगळुरूत असताना, रामन यांनी ते सविस्तर लिहिलं. कातडं कुठे हलतं आणि कुठे स्थिर राहतं, हे त्यांनी पुडीवर वाळू भुरभुरून दाखवलं.

खरी करामत शाईची. लोहचूर्ण आणि खळीच्या या थरांमुळे पुडी मधोमध जड होते. त्यामुळे कंपनांचं गणितच बदलतं. पुडीची नऊ प्रकारची कंपनं मिळून पाचच सूर देतात: मूळ सूर आणि त्याच्या जवळपास दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट. त्याहून वरचे नको असलेले सूर काठावरची चाट लवकर विझवते. उरलेलं काम वादकाचं. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला टेकलेली असते, ती मूळ कंपन दाबते आणि वरचा सूर स्वच्छ ऐकू येतो.

रामन 21 नोव्हेंबर 1970 रोजी गेले. त्यांनी हे वाद्य घडवलं नाही, त्यामागचं कारण सांगितलं. घडवलं ते समीकरणं न मांडता, कानावर विश्वास ठेवून थरावर थर घोटणाऱ्या कारागिरांनी. त्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. आजही शाईचा टवका उडाला की तबला बिघडतो आणि तो त्यांच्याच वारसांकडे न्यावा लागतो.